फियाट पद्मिनी की अँबॅसेडर? नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

जुनी गाडी घ्यायची म्हटलं की नाशकात बोलणं फिरून फिरून फियाट आणि अँबॅसेडरवरच येतं. आमच्याकडे दोन्ही आहेत, त्यामुळे गंगापूर रोडपासून घोटीपर्यंतची मंडळी तेच तेच विचारतात. शेवटी उत्तरं एकदाची लिहून काढली. इथे फियाट म्हणजे १०८९ सीसीची प्रीमियर पद्मिनी आणि अँबॅसेडर म्हणजे १४८९ सीसीची पेट्रोल गाडी. दुसरं मॉडेल असेल तिथे तसं सांगितलं आहे.

एक लहान, एक मोठी. मग तुलना कशाला?

कारण घेणारा या दोघींतच अडकतो. बांधणीही वाटते त्याहून सारखी आहे. दोन्ही गाड्या मूळच्या पन्नासच्या दशकातल्या युरोपातल्या. अँबॅसेडर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड सीरीज ३. हिंदुस्थान मोटर्सने ती बंगालमधल्या उत्तरपाड्याला १९५७ पासून बनवायला घेतली आणि २०१४ ला थांबवली. फियाट इटलीची ११००. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये १९६४ पासून ती ‘डिलाइट’ म्हणून निघाली, १९७२ ला ‘प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ ला ‘पद्मिनी’.

दोन्हींत चार सिलिंडर, पुशरॉडवर चालणारे व्हॉल्व्ह, तीन मेन बेअरिंगचा क्रँक, स्टीअरिंगवरचा चार गिअरचा दांडा, ओढ मागच्या चाकांना, मागे पाट्यांच्या स्प्रिंग आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. फरक सुरू होतो तो मापांपासून.

मापं आणि आकडे सांगा ना.

फियाट: लांबी ३.९ मीटरच्या आसपास, व्हीलबेस २,३४० मिलिमीटर, वजन ८९५ किलो. बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ आणि स्ट्रोक (पिस्टनचा पल्ला) ७५ मिलिमीटर. ताकद ४० एचपी, तीही ४,८०० आरपीएमला. टायर ५.२०-१४.

अँबॅसेडर: लांबी ४.३ मीटरच्या वर, व्हीलबेस २,४६४ मिलिमीटर, वजन मॉडेलप्रमाणे ११०० किलोच्या पुढे. बोअर ७३, स्ट्रोक ८८.९. ताकद ५० ते ५५ एचपी. टायर ५.९०-१५.

यातला स्ट्रोकचा आकडा लोक वाचतच नाहीत, एचपीवरून भांडतात. अँबॅसेडरचा पिस्टन लांब पल्ल्याचा. ते इंजिन फिरायला नाखूश, पण खालच्या आरपीएमलाही ओढतं. फियाटचं इंजिन फिरवलं की खुलतं. न फिरवता तिच्याकडून काम करून घ्यायला गेलात तर ती कुरकुरते.

मग जास्त ताकदवान अँबॅसेडरच ना?

गणित करून बघा. अँबॅसेडर ५० एचपीची आणि ११३० किलोची धरू. ७५ किलोचा एकटा चालक बसला, तर अँबॅसेडरला टनामागे साधारण साडेएकेचाळीस एचपी मिळतात, फियाटला एकेचाळीसच्या जरा वर. म्हणजे बरोबरी. एकट्या माणसाने सिग्नलवरून गाडी काढली तर कोण पुढे जाईल ते गाडी कशी ट्यून केली आहे त्यावर ठरेल.

आता पाच माणसं आणि डिकीत सामान, असे मिळून ४०० किलो टाका. फियाट टनामागे ३१ वर येते, अँबॅसेडर पावणेतेहेतीसवर. फरक अजूनही थोडाच. पण एचपीऐवजी सीसी घ्या, कारण कमी आरपीएमची ओढ साधारण सीसीच्या हिशेबाने मिळते. भरलेल्या फियाटला टनामागे ८४० सीसी, भरलेल्या अँबॅसेडरला ९७०. हा सोळाएक टक्क्यांचा फरक पायाला कळतो.

म्हणून आम्ही उलट विचारतो, गाडीत माणसं किती बसणार? एकदोन असतील तर अँबॅसेडरचं जादा इंजिन तिचा स्वतःचा पत्रा ओढण्यातच जातं. घरदार भरून वणीला जाणार असाल तर फियाटचा जीव लहान पडतो.

कसारा घाट कोण नीट चढतं?

हाच खरा नाशिकचा प्रश्न. दोन्ही चढतात. साठच्या दशकापासून चढत आल्या आहेत आणि तेव्हाचा रस्ता आजच्यासारखा रुंदही नव्हता. फरक आहे तो चालवणाऱ्याच्या डाव्या हाताचा.

फियाटमध्ये चढ अंगावर यायच्या आधीच दुसरा टाकायचा. तिसऱ्यात रेटत राहिलात तर आरपीएम पडतात, पॅडल तळाला टेकतं, गाडी थरथरते आणि काटा लाल पट्टीकडे सरकतो. दुसऱ्यात इंजिन मोकळं फिरू दिलं, तर आवाज जास्त होतो पण पाण्याचा पंपही वेगाने फिरतो, पंखाही, आणि तापमान ताब्यात राहतं. नव्या गाड्यांची सवय असलेल्याला हा आवाज ऐकवत नाही आणि तो लवकर वरचा गिअर टाकतो. फियाट घाटात ‘मरते’ ती बहुतेक अशाने.

अँबॅसेडर तिसऱ्यात बरंच अंतर काढते. वळणावर दुसरा, वळण सुटलं की पुन्हा तिसरा. कंटेनरच्या मागे अडकलात की मात्र दोन्हींची परीक्षा होते, कारण दोन्हींच्या जुन्या गिअरबॉक्सला पहिल्याचा सिंक्रोमेश (चालत्या गाडीत गिअर खरखर न करता बसवणारी सोय) नाही. चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर डबल क्लच (मधे न्यूट्रलला क्लच सोडून पुन्हा दाबणं) मारता आला पाहिजे. येत नसेल तर सपाटीवर, ओझरच्या बाजूला सकाळी लवकर जाऊन शिकून घ्या. घाटात शिकायची गोष्ट नाही ही.

आणखी एक. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास. हवा विरळ, म्हणून मुंबईच्या मानाने दोन्ही इंजिनं पाचसहा टक्के ताकद इथे पोचेपर्यंत सोडून आलेली असतात. ‘मुंबईच्या माणसाकडे मस्त पळत होती, इकडे आणली आणि ढिली पडली’ या तक्रारीत थोडं तथ्य आहे ते एवढंच. बाकी बहुतेकदा ठिणगीचं टायमिंग हललेलं असतं.

आणि उतरताना?

उतरतानाच जास्त जपा. चारही ड्रम, पायाला मदत करणारा सर्वो नाही. सतत पाय ठेवलात तर ड्रम तापतात, लायनर पकड सोडतो आणि पॅडल कडक लागत असूनही गाडी थांबत नाही. ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा. अँबॅसेडर वजनाने मोठी, त्यामुळे तिच्यात हे नियम दुप्पट कडक. ब्रेक ऑइल पाणी शोषतं आणि तापल्यावर त्याची वाफ होते, तेव्हा दर दोन वर्षांनी ते पूर्ण बदला. गाडी घेतल्यावर आम्ही पहिला खर्च इथे करायला सांगतो, रंगावर नाही.

गावातल्या गल्ल्यांत कोणती बरी?

फियाट, यात चर्चा नाही. सराफ बाजार, भद्रकाली, पंचवटीतले बोळ यांत चाळीसएक सेंटिमीटर लहान आणि वीतभर अरुंद गाडीला काय मोल असतं ते आत शिरल्यावर कळतं. उभ्या गाडीचं स्टीअरिंगही फियाटचं हलकं. अँबॅसेडरचं रॅक अँड पिनियन चालत्या गाडीत छान सरळ असतं, पण पार्किंग करताना दंडाला व्यायाम होतो.

खड्ड्यांत मात्र उलटं. पंधरा इंची चाक, उंच बांधणी आणि पुढे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारा दांडा), यामुळे अँबॅसेडर खड्ड्यावरून गादीसारखी जाते. फियाटला पुढे कॉइल स्प्रिंग आहे, पण गाडी हलकी म्हणून आत जाणवतं. सिंहस्थाची कामं सुरू झाली की शहरातले रस्ते कसे होतात ते तुम्हाला सांगायला नको.

टॉप स्पीड किती? समृद्धीवर नेता येईल का?

दोन्हींचा कागदावरचा टॉप स्पीड सव्वाशेच्या आसपास. त्यावर जाऊ नका. साठसत्तर या वेगात दोन्ही खुशीत असतात. इगतपुरी ते आमणे हा समृद्धीचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला, बोगद्यामुळे कसारा घाट टळतो, हे सगळं खरं. पण ज्या रस्त्यावर बाकीचे १२० ने जातात तिथे ड्रम ब्रेकची गाडी सत्तरने नेणं आम्हाला पटत नाही. जुन्या आग्रा रोडने जा, वाटेत चहा प्या.

अॅव्हरेज?

चांगल्या अवस्थेतली फियाट ११ ते १३, पेट्रोल अँबॅसेडर ८ ते १०. कोणी अँबॅसेडर पेट्रोलवर पंधरा देते म्हणालं तर माना डोलवा आणि पुढे जा.

डिझेल अँबॅसेडर स्वस्तात मिळतेय. घेऊ का?

सीसी तेवढेच, १४८९, पण ताकद ३७ एचपीच्या आसपास. वर दिलेलं गणित हिला लावा: पाच माणसांनी भरली की टनामागे एचपी चोविसाच्या घरात येतात. टॅक्सीवाल्यांना ती चालली, कारण त्यांना घाई नव्हती आणि डिझेल स्वस्त होतं. राहुड घाटात मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला तरी शांत राहणारा स्वभाव असेल तर घ्या.

नाशिककरांसाठी एक जमेची बाजू आहे. ज्या शहरात मायको (आताची बॉश) कंपनीच्या नावाने मायको सर्कल हा चौक आहे, जिथे सातपूरला डिझेलचे नॉझल आणि इंजेक्टर बनत आले, तिथे नॉझलचा दाब तपासून देणारा जुना माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. पंप आणि नॉझल नीट असले तर हे इंजिन लवकर मरत नाही. धूर काळा येत असेल तर घाबरू नका. निळा येत असेल तर भाव पाडा.

आणि इसुझू इंजिनवाली?

ती वेगळीच गाडी. १८१७ सीसी, ७५ एचपी, पाच गिअर आणि तेही मजल्यावर. नव्वदच्या दशकात आली. पळण्यात फियाट आणि जुनी अँबॅसेडर या दोघींना ती मागे टाकते. रोज वापरायची असेल तर आम्ही हीच सुचवू. पण ज्याला स्टीअरिंगचा दांडा आणि पुढच्या सलग सीटवर तिघं बसायची मजा हवी आहे, त्याचं समाधान हिच्याने होणार नाही.

फियाट फार तापते असं ऐकलंय.

नीट ठेवलेली तापत नाही. पण तापली तर नुकसान जास्त करते, आणि त्याचं कारण धातूत आहे. फियाटचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं. अँबॅसेडरचं दोन्ही बीड. अॅल्युमिनियम तापल्यावर जास्त फुगतं. एकदा जबरी तापून गाडी बंद पडली की हेड वाकतं, गॅस्केट फुंकतं आणि पाणी तेलात उतरतं. अँबॅसेडर तेवढंच सोसून पुन्हा सुरू होते आणि मालक म्हणतो, बघा, काही झालं नाही.

फियाट बघायला जाल तेव्हा रेडिएटरचं झाकण थंड इंजिनावर उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग आहे का? मग तेल भरायचं झाकण काढून उलटं करा. आतून ताकासारखा पांढरट मळ जमला असेल तर हेडचं काम आलंय. त्यानंतर सुरू करून झाकण उघडंच ठेवा, पाण्यातून सारखे बुडबुडे यायला लागले तर गॅस्केट गेलंय. हे सगळं करताना मालकाच्या चेहऱ्याकडेही बघत राहा, तिथेही बरंच कळतं.

उन्हाळ्यात दुसरा त्रास म्हणजे गाडीतल्या पेट्रोलच्या पंपात वाफ धरणं. कसाऱ्याला चहाला थांबलात, दहा मिनिटांनी स्टार्टर मारला आणि गाडी नुसतीच घरघरली, तर बॅटरी संपवू नका. इंजिनाला चिकटलेल्या मेकॅनिकल पंपावर ओलं फडकं गुंडाळा आणि पाचएक मिनिटं थांबा. जुने ड्रायव्हर फडकं आणि पाण्याची बाटली सीटखाली ठेवायचे ते उगाच नाही.

अँबॅसेडर तेल गाळतेच का?

थोडंसं गाळणारच. या इंजिनाच्या क्रँकच्या मागच्या टोकाला आजच्यासारखं रबरी ऑइल सील नाही. शाफ्टवर पेचासारखे आटे कापलेले आहेत, ते फिरताना तेल आत ढकलतात. गाडी उभी राहिली की ढकलणारं कोणी नसतं. रात्रीत रुपयाएवढा डाग पडला तर झोपा शांत. थाळीएवढा पडला तर बेअरिंग झिजलं आहे किंवा ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) तुंबला आहे. आधी ब्रीदर साफ करा, त्याला पैसे लागत नाहीत.

घेताना अजून काय बघायचं?

पत्रा. इंजिन कुठलंही बांधून मिळतं. सिलिंडर बोअर होतात, क्रँक घासून मिळतो, अंबड-सातपूरच्या मशीन शॉपमध्ये बुशसुद्धा टर्न करून देतात. पण या दोन्ही गाड्यांना वेगळी चेसिस नाही, पत्र्याचा सांगाडाच भार झेलतो. तो सडला की काही उरत नाही.

चुंबक घेऊन जा. दाराच्या खालची पट्टी, मडगार्डच्या कडा, डिकीचा तळ, चालकाच्या पायाखालचा मजला. चुंबक चिकटला नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुटी) भरली आहे. फियाटमध्ये दारं उघडून वर उचलून बघा. दारासोबत खांबही हलला तर गाडी तिथेच सोडा. अँबॅसेडरचं पुढचं चाक जॅकवर घेऊन वरखाली हलवा. खटखट आली तर ट्रनियनचे (चाक ज्यावर वळतं त्या सांध्याचे) आटे झिजले आहेत. त्यांना नेमाने ग्रीस लागतं आणि ते कोणी मारत नाही. फार झिजल्यावर चाक आडवं होऊन गाडी बसते. फियाटमध्ये हीच तपासणी किंगपिनसाठी, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या खिळीसाठी.

स्टीअरिंगचा गिअर सापडत नसेल तर बरेचदा दांड्याच्या लिंकेजचे बुश गेलेले असतात, आणि तो खर्च किरकोळ. विकणाऱ्याला हे माहीत नसलं तर बोलू नका, भाव करताना कामाला येतं.

सुटे भाग मिळतात का?

चालते भाग दोन्हींचे मिळतात. फियाटला मुंबईचा मोठा आधार, कारण काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या जोरावर तिथे वर्षानुवर्षं बाजार टिकला. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हा हा साठा आता वाढणार नाही हे धरून चाला. अँबॅसेडर २०१४ पर्यंत बनत होती आणि कोलकात्याकडून माल अजून येतो. अडचण दोन्हींत दिसत्या वस्तूंची: मूळ ग्रिल, दिव्यांच्या कड्या, घड्याळांचा डॅशबोर्ड. अपुऱ्या गाडीपेक्षा दहापंधरा हजार जास्त देऊन पूर्ण गाडी घ्या.

इथेनॉलच्या पेट्रोलने काय होतं?

जुने रबर पाइप, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची गॅस्केटं फुगतात किंवा कडक होतात. ते भाग इथेनॉल सोसणाऱ्या रबरात बदलून घ्या, मोठा खर्च नाही. इथेनॉल पाणीही धरतं, म्हणून महिना महिना उभ्या गाडीत टाकी अर्धी ठेवू नका. बिनशिशाच्या पेट्रोलची भीती (पूर्वी शिसं व्हॉल्व्ह सीटची झीज रोखायचं) मात्र जास्त अँबॅसेडरवाल्यांनी बाळगावी. तिच्या बिडाच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह सीट हेडमध्येच कापलेली आहे, पुढच्या वेळी हेड उघडाल तेव्हा कडक सीट बसवून घ्या. फियाटच्या अॅल्युमिनियम हेडला मुळातच वेगळ्या सीट ठोकलेल्या असतात.

पासिंग, व्हिंटेज नंबर आणि विमा?

पंधरा वर्षं झाली म्हणजे भंगार, हा दिल्लीकडचा नियम लोक इकडे लावतात. आपल्याकडे पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण होतं, दर वेळी पाच वर्षांसाठी, आणि पर्यावरण कर भरावा लागतो. पेठ रोडला आरटीओत गाडी दाखवायला न्यायची आधी दिवे, हॉर्न, हँडब्रेक आणि चेसिस नंबर वाचता येतोय ना ते बघा. रंगाच्या थराखाली नंबर बुजलेला असला की तिथेच अडतं. नवी सुरक्षा नंबरप्लेट जुन्या गाड्यांनाही सक्तीची आहे.

गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल तर २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी घेता येते. फी वीस हजार, मुदत दहा वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. पण मग गाडी रोजच्या वापरासाठी काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच. दर रविवारी गंगापूर धरणावर जायचं असेल तर साधी नोंदणीच ठेवा.

थर्ड पार्टी विम्यात १०८९ आणि १४८९ दोन्ही हजार ते दीड हजार सीसीच्या गटात, म्हणजे हप्ता सारखाच. इसुझूवाली वरच्या गटात जाते. व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या खासगी गाडीला थर्ड पार्टी हप्त्यात निम्मी सूट आहे, एजंटला आठवण करून द्यावी लागते.

लग्नाला भाड्याने देऊन खर्च काढता येईल का?

पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीला भाडं घेणं बेकायदा, आणि व्हिंटेज नोंदणीत तर व्यावसायिक वापराला स्पष्ट बंदी. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारेल. भाच्याच्या वरातीला फुकट द्या. आणि वरात मुंगीच्या पावलाने चालते, तेव्हा फियाट दिलीत तर काट्याकडे बघणारा माणूस आत बसवा. अँबॅसेडर असेल तर क्लचकडे लक्ष ठेवायला सांगा.